‘श्वास धरा’ म्हणणाऱ्या बाई

एमआरआयच्या गार खोलीबाहेर, काचेआड त्या बसत आणि माईकचं बटण दाबून म्हणत, "श्वास घ्या... सोडा... धरा." आवाज असा खणखणीत, की बाहेर बाकावर बसलेली माणसंही श्वास धरत. तेवीस वर्षांत त्यांनी अर्ध्या शहराचा श्वास रोखला होता. सगळे त्यांना धराबाईच म्हणत, अगदी तोंडावरही.

छाती हलली की हृदयाचं चित्र पुसट येतं. म्हणून पंधरा-पंधरा सेकंद श्वास रोखायचा, तोही दहा-बारा वेळा. त्या दिवशी आलेल्या शिंपीकाकांना सहाव्या सेकंदालाच धाप लागत होती. त्यांच्या हृदयाची झडप गळत होती. ती सांधायची की बदलायची, हे चित्राशिवाय ठरणार नव्हतं आणि ऑपरेशन तर उद्यावर आलेलं.

"झडप उसवलीय म्हणे," काका म्हणाले. "रफू होईल का, बाई?"

"तेच तर बघायचंय."

धराबाईंची सून तिथेच इंजिनिअर होती. तिने नवं गणित बसवलं होतं. चित्रासाठी मशीनने सगळी मापं घ्यायचीच नाहीत. चौथा हिस्सा घ्यायचा, तोही विखुरलेला. ठोके एकसारखेच पडतात, तेव्हा उरलेलं चित्र कॉम्प्युटर भरून काढतो. श्वासाची लयही तोच ओळखतो. पेशंटने फक्त नेहमीसारखा श्वास घेत राहायचं.

पहिलं चित्र फाटकं आलं.

"तुझं गणित नापास," धराबाई म्हणाल्या.

"आई, हा आलेख बघा. तीन ठिकाणी श्वास थांबलाय. तीनदा ‘धरा’ म्हणालात तुम्ही."

"मी? मी तोंडसुद्धा उघडलं नाही."

स्पीकरवर काकांचा दमलेला आवाज आला, "म्हणालात, बाई. तुमच्या शब्दाबाहेर कोण जाणार?"

मशीन खडखडलं, की बोट बटणावर आणि शब्द ओठांवर. बाईंना पत्ताच लागला नव्हता. त्या उठल्या. "तू बस बटणापाशी. काका, आता मी मुकी. तुम्ही झोपल्यासारखा श्वास घ्या."

"घरीही असंच चालेल?" सून पुटपुटली.

"घरचं घरी बघू."

मशीन खडखडलं. बाईंचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. भल्याभल्या नटांना न पेलणारी शांतता त्यांनी चार मिनिटं पेलली, हात पाठीशी घट्ट धरून.

पडद्यावर झडप लख्ख उघडमीट करत होती. एका कडेला तेवढी फाटलेली. चित्र बघायला आलेले सर्जन वाकून पाहत म्हणाले, "सांधता येईल."

धराबाईंनी बटण दाबलं. "काका, रफू होईल."

मग सुनेकडे न बघता म्हणाल्या, "पुढचा पेशंट घे. खुर्ची सोडू नकोस."