दोन खाटांची खोली

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला ती जिवंत असताना नाही. देवापुढे हात जोडले तरी दुसरंच काहीतरी मागून परत येते. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणूनच बहुतेक जमेल.

मला एक धाकटी बहीण आहे, मीना. बाबा भंडाऱ्याकडून भिलाईला स्टील प्लांटच्या नोकरीत आले, आणि सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघी वाढलो. दोघी जाड. शरीर सारखंच, पण लोकांचं बघणं सारखं नव्हतं. शाळेत पोरी मला 'मोटी' म्हणाल्या की मी बाथरूममध्ये जाऊन रडायची. मीनाला म्हणाल्या तर ती त्यांच्याहून मोठ्यानं हसायची — आणि दुसऱ्या दिवशी त्याच पोरी तिला डब्यातलं अर्धं काढून द्यायच्या. गणपतीत ती बिनधास्त नाचायची. मी प्रसादाच्या टेबलामागे उभी असायची. टेबलामागे माणूस अर्धं तरी झाकलं जातं ना?

लग्नं झाली. मी वैशाली नगरात आले, ती हुडको कॉलनीत गेली. पंचेचाळिशीत माझे गुडघे बोलायला लागले, साखर वाढली, आणि डॉक्टरांनी वजनाचं ऑपरेशन सुचवलं. पोटाची पिशवी कापून लहान करायची. माझं वजन एकशेआठ किलो होतं. घाबरायला हवं होतं — पण खरं सांगू? मला आनंद झाला. पहिल्यांदाच एक गोष्ट फक्त माझी होणार होती. मी बारीक होणार होते, आणि मीना — मीना होती तशीच राहणार होती. आम्हा दोघींचा एक फोटोही मी मनात काढून ठेवला होता.

आणि मग माझ्याच घरी, माझ्याच हातचा चहा पिता पिता ती म्हणाली, "ताई, मीबी करून घेतो. दोघी संगंच करू."

मी "हो, चल" म्हटलं. आतून मात्र पेटले. इथंही हिनं यावं?

खोली बघायचं काम माझ्याकडे आलं. मीनाची एकच मागणी होती. "आपण एकाच रूममध्ये राहू, ताई. तुले भेव वाटलं तर मी आहो, मले वाटलं तर तू आहेस." काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, प्रायव्हेट हवी की शेअरिंग? दोन खाटांची एक अख्खी खोली रिकामी होती. ती मुलगी हसून म्हणालीसुद्धा, "दोनों बहनें साथ में रह लेंगी." डोळ्यांपुढे ती खोली आली — भेटायला येणारं प्रत्येक माणूस मीनाच्या खाटेभोवती, माझा नवरासुद्धा. रोज सकाळी वजनकाटा, आणि तिचा आकडा माझ्या आकड्याआधी खाली. मी माझ्यासाठी प्रायव्हेट घेतली. मीनासाठी त्याच दोन खाटांच्या खोलीतली एक खाट.

तिला सांगितलं, दोन खाटा एकत्र मिळतच नव्हत्या. तिनं लगेच मानलं. उलट म्हणाली, बरं झालं, प्रायव्हेट तुलेच पाहिजे, तुले झोप लागत नाही.

ऑपरेशनं एकाच दिवशी झाली. माझ्या खोलीत एसी होता, टीव्ही होता, सोफा होता. सोफ्यावर नवरा मोबाईल बघत बसलेला. येणारे पाच मिनिटं बसून "जरा मीनाकडे जाऊन येतो" म्हणायचे. दुसऱ्या दिवशी चालायला लावलं तेव्हा कॉरिडॉरमध्ये मला हसणं ऐकू आलं. नर्स ओरडत होती, "टांके हैं, मत हँसो." दार अर्धं उघडं होतं. मीनाच्या शेजारच्या खाटेवर एक बाई होती — हेमलता, धमध्याकडच्या एका गावात अंगणवाडी चालवणारी, तेच ऑपरेशन झालेली. औषधाच्या इवल्या कपातून घोट घोट पाणी प्यायचं असतं; त्या दोघी ते कप एकमेकांवर टेकवत होत्या आणि पोट धरून हसत होत्या. मीनानं मला हाक मारली. मी ऐकलंच नाही असं दाखवून पुढं गेले.

त्या खोलीतली ती दुसरी खाट माझी होती. मीच ती सोडली होती. मग राग कोणाचा येत होता?

घरी येताना मीनाचा फोन सुपेल्याच्या बाजारात दुरुस्तीला होता, म्हणून तिनं हेमलताला माझा नंबर दिला; तिचा घ्यायचा राहूनच गेला. दोघींचं ठरलं होतं — रोज सकाळी फोन लावून बोलत बोलत चालायचं, ही हुडकोत, ती गावात. तपासणीला संगंच जायचं.

आठव्या दिवशी हेमलताचा फोन आला. "दीदी, मीना दीदी हे का? बात करा दव ना."

मीना तेव्हा माझ्या घरातच होती. आतल्या खोलीत पडली होती. मी बाल्कनीत गेले आणि म्हटलं, "मीना कहती है, अस्पताल की पहचान अस्पताल में ही रहने दो. उसको फोन मत करना."

ती म्हणाली, "अच्छा दीदी. खुश रहे वो." मी नंबर ब्लॉक केला. आत जाऊन मीनाला डाळीचं पाणी दिलं.

एवढ्यावर थांबले असते तर? नाही थांबले. मीनाची आणि हेमलताची तपासणीची तारीख एकच होती, मीनाची मी बदलून घेतली. मीना म्हणाली, हॉस्पिटलात विचार ना हेमलताचा नंबर. मी विचारलंच नाही. त्या लोकांनी दिला नाही म्हणून सांगितलं.

मीना महिनाभर फोनची वाट बघत राहिली. मग एकदा भाजी निवडताना म्हणाली, "तिनं एकबी फोन नाही केला, ताई. मले वाटलं होतं तिले मी आवडलो. मीच जास्त बोलून राहिलो असन." आयुष्यभर जिला लोकांच्या प्रेमाची शंका आली नव्हती, तिला ती मी दिली. मी म्हटलं, "असेच असतात लोक." आणि भाजी निवडत राहिले.

ती हळूहळू चालायची थांबली. गोळ्या विसरू लागली. थोडं थोडं करत गोडावर आली. दीड वर्षात तिचं उतरलेलं वजन बरंचसं परत चढलं. लग्नात, मंडपात आता बायका मला धरून विचारतात, काय केलं हो? मीना खुर्चीवर बसलेली असते. हसते, पण आधी इकडं तिकडं बघून.

हल्ली मी तिला बळेच बागेत चालायला नेते. तिला वाटतं ताईचा किती जीव आहे. ती दमते, मागे पडते, आणि मी दोन पावलं पुढं चालते. परवा एका बाईनं विचारलं, "तुम्ही दोघी सख्ख्या बहिणी? वाटत नाही."

मला ते ऐकून बरं वाटलं.