खांद्यापर्यंत हात

"वरचं नको दाखवू. आतलं पाहू दे."

एवढं म्हणून भाऊ बाही वर सारायचे आणि कापसाच्या गाडीत थेट खांद्यापर्यंत हात घालायचे. तळातला मूठभर कापूस काढायचे, बोटांत धागा ओढून पाहायचे आणि निकाल द्यायचे. अकोल्याच्या आमच्या जिनिंगमध्ये ते कापूस पारखायचे, मी काट्यावर वजन करायचो. निकाल एकदा दिला की दिला. खुद्द मालक रदबदलीला आले तरी भाऊ पान लावत बसायचे.

ही खोड कारखान्यापुरती असती तर ठीक होतं. पहिल्या दिवाळीला सासरी गेले तेव्हा ताटातला लाडू फोडून आधी आत पाहिला, असं वहिनीच सांगायच्या. माझ्यासाठी स्थळ पाहायला आले तर मुलीच्या बापाला म्हणाले, "बैठक पाह्यली, आता सैपाकाची खोली दाखवा." मी लाजेनं अर्धा झालो. पण तीच मुलगी माझी बायको झाली, आणि माझं काही वाईट झालं नाही.

स्वभावाला औषध नाही म्हणतात. मीही तेच म्हणायचो, किसनची गाडी येईपर्यंत.

किसन दर्यापूरकडचा. दोन वर्षांपूर्वी घरच्यांसह बौद्ध झालेला. मजुरी सोडून स्वतःच्या रानात पिकवलेला पहिला कापूस त्यानं आणला होता. नेमकं त्या दिवशी भाऊंच्या बगलेत गळू होतं. हात वर होत नव्हता, पण कबूल करतील तर ते भाऊ कसले! त्यांनी वरच्या थरावर नुसता तळवा टेकवला आणि म्हणाले, "पाणी मारलं यानं. गाडी परत."

वजन वाढावं म्हणून गाडी भरताना थराथरावर पाणी मारणारे असत, खोटं कशाला बोलू. पण किसन म्हणाला, "भाऊ, रातभर वाटेत होतो. दव हाये ते. आतलं पाहा ना."

"एकदा सांगतलं ना तुले."

किसन भांडला नाही. त्यानं आवारातच गाडी रिकामी केली. वरचा वीतभर थर ओला, खालचा सगळा कापूस कोरडा ठणठणीत. तोवर शेजारचे गाडीवाले बोलून मोकळे झाले होते, "हे लोक असेच." एकदा नाव खराब झालं की पुढच्या हंगामात कोणत्याच जिनिंगचं फाटक त्याला उघडणार नव्हतं, हे किसनच्या तोंडावर दिसत होतं. माझं डोकं फिरलं. तळातला कापूस उचलून मी भाऊंच्या हातावर ठेवला आणि म्हणालो, "तुमचा नियम आज तुमीच मोडला." त्यांना असं तोंडावर बोलणारा मी पहिलाच.

भाऊंनी धागा ओढला. पुन्हा ओढला. मग काट्याच्या ओट्यावर चढले आणि सगळ्या गाड्यांना ऐकू जाईल असं बोलले, "चूक माही हाये. म्या वरूनच पाह्यलं. पाणी नाही, दव हाये. अन कोन लोक कसे, हे कापसाले इचारत बसू नका."

खाली उतरले आणि दुखऱ्या हातानं किसनबरोबर कापूस भरू लागले.

"राहू द्या, भाऊ."

"तू गुमान भर."

पुढं लोक म्हणायला लागले, भाऊ मऊ पडले. कसले मऊ! खेकसणं तेच, पान तेच, बाही सारणंही तेच. फक्त निकालाआधी एक प्रश्न वाढला, "वाटेत काय झालं, सांग." पन्नाशीच्या माणसात एवढी जागा व्हायलासुद्धा मोठी छाती लागते, असं माझं मत आहे.

म्हातारपणी ते अमरावतीला लेकीकडे राहायला गेले. मी संत्री घेऊन गेलो, तर पिशवीच्या तळाशी हात घालून खालचंच संत्रं काढलं, चेपून पाहिलं आणि विचारलं, "वाटेत दबलं का?" मी हो म्हणालो. मग तेच सोलून खाल्लं.

भाऊ वारले त्या हंगामात किसनची गाडी आली. नव्या ग्रेडरनं वरचा कापूस चिमटीत धरला, "चांगला आहे, घ्या," म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे वळला. किसन त्याच्या वाटेत उभा राहिला.

"असं नाही जमत, साहेब. बाही वर करा. आतलं पाहा."

साहेबानं माझ्याकडे पाहिलं. मला भाऊ आठवले. मी मान डोलावली. त्यानं खांद्यापर्यंत हात घातला, तेव्हा कुठे किसन बाजूला झाला.