आत्यांची बाजू

आमच्या आत्यांइतकी बास्केटबॉलबद्दल अडाणी आणि बास्केटबॉलशी एकनिष्ठ बाई अख्ख्या इंग्लंडात दुसरी सापडणार नाही, हे मी लेस्टरच्या कुठल्याही चौकात उभी राहून सांगायला तयार आहे. आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्या. तरुणपणी नर्स म्हणून इकडे आल्या आणि इथल्याच एका हॉस्पिटलातून वॉर्ड सिस्टर म्हणून रिटायर झाल्या. लग्न राहून गेलं याबद्दल कोणी हळहळलं तर "वेळ कुठे होता," एवढंच म्हणतात. नवऱ्याला पुण्याच्या ऑफिसने इकडे पाठवलं तेव्हा सुरुवातीला आम्ही त्यांच्याच घरी राहिलो. टॉवेलची घडी कशी घालायची ते मी तिथे नव्याने शिकले, आणि बुधवारी दुपारी आत्यांना काही विचारायचं नसतं हेही. बुधवारी मॅच असते.

मॅच म्हणजे त्यांच्या घराजवळच्या एका छोट्या कॉलेजच्या मुलींची. बारावीच्या वयाच्या या मुली, आणि त्यांचा स्पोर्ट्स हॉल म्हणजे बॅडमिंटनची जाळी बाजूला सरकवून मोकळी केलेली जागा. आत्यांची आणि या टीमची ओळख बस चुकल्यामुळे झाली. बाहेर कडाक्याची थंडी, पुढची बस रद्द. आत्या ऊब शोधत कॉलेजात शिरल्या. आत मॅच चालली होती. पाहुण्या टीमबरोबर बसभरून माणसं आलेली, आणि यजमान मुलींच्या बाजूला केअरटेकरसुद्धा नाही. मुली सपाटून मार खात होत्या. "पेशंटला व्हिजिटर नसला ना, की तो जेवत नाही," आत्या मला नंतर म्हणाल्या. म्हणून त्या बसल्या. त्या बसल्या त्या बसल्याच.

खेळाचे नियम शिकून घ्यावेत असं त्यांना कधी वाटलं नाही. स्कोअर विचारला की "चार टोपल्या मागे आहोत," असं उत्तर येतं. एखादी मुलगी चेंडू आपटत पुढे निघाली की त्या अस्वस्थ होतात. "आपटत काय बसलीये, देऊन टाक ना तिला." टाळ्या मात्र त्या शास्त्रशुद्ध वाजवतात. टीम मागे असली की जोरात, बरोबरीत आली की हळू, आणि चुकून पुढे गेलीच तर हात मांडीवर. "जिंकणाऱ्याला टाळ्या कशाला, त्याला पॉइंट्स मिळतात की." रेफरीकडे त्या नवशिक्या डॉक्टरकडे बघावं तसं बघतात. एकदा कोणाचा तरी गुडघा सोलवटला आणि रेफरीने शिट्टी वाजवायला उशीर केला, तर आत्या सरळ कोर्टवर गेल्या. रेफरी म्हणाला, "मॅडम, तुम्हाला इथे येता येत नाही." आत्या म्हणाल्या, "मग तू बांध बॅन्डेज." त्याने ते बांधायला घेतलं, आणि आत्यांनी ते सोडून पुन्हा बांधलं.

मध्यंतरात रव्याचे लाडू असतात. शेंगदाण्याचे कधीच केले नाहीत, कारण नर्सबाईंनी पहिल्याच आठवड्यात सगळ्या टीमची ॲलर्जी विचारून घेतली होती. मुली त्यांना "आटिया" म्हणतात. कॅप्टन अमीना नावाची, सोमाली घरातली उंच मुलगी. तिला लाडू बोटांनी न फोडता अख्खा तोंडात टाकायची सवय आणि आत्यांना ती मोडायची हौस. मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू एकदा बुधवारी ठरलं, तर आत्यांनी अध्यक्षीणबाईंना फोन करून ते गुरुवारी ढकलायला लावलं. कारण विचारलं तेव्हा "सेमीफायनलच्या आशा आहेत," असं सांगितलं. बाईंना वाटलं, आत्यांचं काही ऑपरेशन आहे.

त्या वर्षी आशा खरंच होत्या. मुली कपच्या सेमीफायनलला पोचल्या, आणि ड्रॉमध्ये नाव आधी निघाल्याने घरची, म्हणजे आपल्याच हॉलमधली, मॅच त्यांना लागली. समोर होतं एक भलंमोठं कॉलेज, स्वतःचं चकचकीत स्पोर्ट्स सेंटर असलेलं. दोन दिवसांनी स्पर्धेच्या आयोजकांनी कळवलं, की छोट्या कॉलेजच्या हॉलमध्ये प्रेक्षकांना बसायची सोय नसल्याने मॅच मोठ्या कॉलेजात होईल. टीमची कोच म्हणजे गणित शिकवणारी एक तरुण बाई. ती म्हणाली, "काय करणार, आमच्याबाबत असंच होतं."

"ड्रॉमध्ये नाव कोणाचं आधी निघालं?" आत्यांनी विचारलं.

"आमचं."

"मग विषय संपला."

आत्यांनी आयोजकाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. तो गृहस्थ गोड बोलत होता. हॉलमध्ये खुर्च्या नाहीत, म्हणाला.

"खुर्च्या आल्या तर?"

"पण तुमच्या मॅचला प्रेक्षकही नसतात ना."

"तेही येतील."

"मॅडम, हे इतकं सोपं नाही."

"हे बघा," आत्या शांतपणे म्हणाल्या, "बेड नाहीत म्हणणाऱ्या लोकांकडून मी जन्मभर बेड मिळवलेत. खुर्च्यांचं काय घेऊन बसलात."

शेवटी तो "ठीक आहे" म्हणाला.

मंडळाच्या फोल्डिंगच्या खुर्च्या बेलग्रेव्ह रोडवरच्या एका मिठाईवाल्याच्या व्हॅनमधून आल्या. प्रेक्षक म्हणून मंडळाचा ज्येष्ठ नागरिक गट आला. त्यांना आत्यांनी नुसतं "कार्यक्रम आहे" असं सांगितलं होतं. एका आजोबांनी कोट घातला होता, आणि प्रमुख पाहुणे कोण, असं ते मला दोनदा विचारून गेले. भजनाच्या काकूंनी टाळ आणले होते. फ्री थ्रोच्या वेळी ते वाजवू नयेत अशी रेफरीने हात जोडून विनंती केली. पाहुण्या मुलीने लांबून बास्केट केली तेव्हा आमचा अख्खा गट "वा, वा" म्हणाला. आत्यांनी मान वळवून नुसतं पाहिलं. पुढचे वा-वा योग्य बाजूला गेले.

आणि मुली खेळल्या. इतकी माणसं आपल्यासाठी आलीयेत हे त्यांना आधी खरंच वाटेना. अमीना तर मध्येच थांबून खुर्च्यांकडे बघत होती. शेवटी आम्ही एका बास्केटने मागे होतो, आणि अमीनाच्या हातात चेंडू होता. तिने फेकला. तो रिंगवर नाचला, आत पडेल असं वाटलं, आणि बाहेर आला. शिट्टी झाली. अमीना खाली बसली. आत्या उठून उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. त्यांच्यामागे सगळे ज्येष्ठ नागरिक, गुडघे सांभाळत, एकेक करून उठले.

आयोजक स्वतः आला होता. "सॉरी," तो म्हणाला, "तुमच्या मुली हरल्या."

"हरल्या," आत्या म्हणाल्या, "पण आपल्या घरी हरल्या."

पुढच्या वर्षी अमीना शहरातल्या मोठ्या युनिव्हर्सिटीत गेली, तिथल्या टीममध्ये आली, आणि पहिल्या मॅचला तिने आत्यांना आग्रहाने बोलावलं. मी गाडी काढली. केवढा तो हॉल, रंगीत दिवे, ढोल बडवणारी पोरं, अमीनाच्या बाजूला उभं राहायला जागा नाही. समोर कुठल्याशा किनाऱ्यावरच्या गावातून आलेली लहानशी टीम होती, बदली खेळाडूही धड नाहीत. त्यांच्या बाजूचे बाक मोकळे. आत्या दारात क्षणभर थांबल्या आणि त्या मोकळ्या बाकांकडे चालू लागल्या.

"आत्या, अमीनाची बाजू तिकडे आहे."

"दिसतंय मला."

अमीनाने त्या दिवशी कोपऱ्यातून एक अफलातून बास्केट केली. हॉल दणाणला. आत्यांचे हात पर्सवर होते, ते तिथेच राहिले. पाहुण्या मुलींनी एक केली तेव्हा मात्र त्या एकट्याच टाळ्या वाजवत होत्या.

मॅच संपल्यावर अमीना घामाघूम धावत आली. "आटिया, तुम्ही त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्यात?"

"तुला आता पुष्कळ जण आहेत, बाळा."

अमीना हसली, तिने त्यांना मिठी मारली, आणि कोणीतरी हाक मारली तशी ती पळाली. आत्या माझ्याबरोबर पार्किंगपर्यंत आल्या. गाडीत बसून पट्टा लावला, आणि मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तो कोपऱ्यातून टाकला ना तिने, तो फार सुंदर होता."

"हो."

"तेव्हा एक टाळी वाजवली असती तर चाललं असतं," त्या म्हणाल्या. मी गाडी सुरू केली.