मामांचे परदेशी मोर्चे

जगाच्या पाठीवर कुठेही मोर्चा निघाला, की त्यात एक माणूस सौंदड गावचा असतोच, आणि तो म्हणजे माझे मामेसासरे. चार एकर धान, एक म्हैस आणि एक मोबाइल एवढ्या बळावर त्यांनी आजवर अनेक सरकारांना जाब विचारला आहे, तोही हिंदीत. "त्यांना कसं कळणार, मामाजी?" असं मी एकदा म्हटलं. "मले तरी त्यांचं कुठं कळते? फोन सांगते ना." माझं म्हणाल तर, आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर नळाची तक्रार करतानाही मी आधी दुसऱ्या कोणी केली का ते बघतो.

गेल्या पावसाळ्यात समुद्रापारच्या एका देशात मोर्चाला गेलेली एक विद्यार्थिनी तुरुंगात पडली. फोनवर तिचा फोटो फिरू लागला आणि मामांना घास गोड लागेना. "आपल्या लहान्या पोरीएवढी आहे," एवढंच म्हणायचे. शेवटी त्यांनी युरियाच्या रिकाम्या पोत्यावर 'पोरीले घरी जाऊ द्या' असं रंगवलं, ते बांधावर टांगलं आणि धानाची रोपं लावणाऱ्या रोवणीच्या बायांना म्हणाले, "जराशा सरळ उभ्या राहा, फोटो काढतो." त्यांच्यातली वडीलधारी कौशल्याबाई मान न उचलता म्हणाली, "उपटलेले पऱ्हे आजच लागले पाहिजेत. काढाचा तं असाच काढा." तसाच निघाला. चिखलात ओळीनं वाकलेल्या चौदा पाठी, आणि मागे पोतं.

दोन दिवसांत तो फोटो नावंही उच्चारता येऊ नयेत अशा शहरांत पोचला. खाली मजकूर होता, 'बंदिवान मुलीसाठी नतमस्तक शेतकरी स्त्रिया'. तिसऱ्याच एका देशाच्या संसदेत एका खासदारबाईंनी तो उंच धरून आपल्या सरकारला विचारलं, "या बोलतात, मग आपण गप्प का?" इकडे मामांना वेगळीच काळजी: बाया तर रोवणीसाठी वाकल्या होत्या. हे उघडं पडलं तर पोरीच्या बाजूचं सगळंच लोक खोटं मानतील. मी माझ्या स्वभावाला धरून सल्ला दिला, "गप्प बसा." ते सरळ कौशल्याबाईकडे गेले.

"आमी तं रोवून राहिलो होतो," ती म्हणाली. मग कमरेवर हात ठेवून थांबली. "पण पोरीसाठी समजून राहिले, तं खोटं कायले होऊ द्याचं? उद्या एक ओळ तिच्या नावानं लावतो." आणि लावली. मामांनी झालं ते सगळं खरं लिहून टाकलं. तो खुलासा अकरा जणांनी वाचला, त्यात मी एक.

महिनाभरानं पहाटे फोन आला. "सुटली, जावईबापू." पुढे नुसतं नाक शिंकरल्याचा आवाज. माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं, पण मी हवापाण्याचं विचारलं. हजारो फोटो फिरले होते, दोन-चार सरकारं बोलली होती. कशानं सुटली कोण सांगणार?

घरी गेल्यावर त्या विद्यार्थिनीनं आपलं सोशल मीडियावरचं खातं बंद केलं, आणि मामांना तिची खबर मिळेनाशी झाली. परवा मामा अंगणात फोन चाळत बसले होते. "चुकल्या-चुकल्यासारखं वाटतं का?" मी विचारलं.

"वाटते थोडंसं," ते म्हणाले. "पण खबर नाई म्हणजे आईच्या हातचं जेवून राहिली असन. आपल्या पोरी तरी सुखात असल्या का कुठं फोन करतेत?"