वीस वर्षांचे तळहात

"इथं जरा थांबा," गाइडकाका म्हणाले आणि घोळका जुन्या वेशीखाली थांबला. "वर बघा. कमान टोकदार, ती एका रीतीची. खांब कोरीव, ते दुसऱ्या रीतीचे. पाचशे वर्षांपूर्वी दोन्हीकडचे कारागीर या एका वेशीवर राबले. आणि त्यांची गाठ पडली ती इथं, माझ्या खांद्याशी. एकाच दगडात अर्धी जाळी, अर्धं कमळ!"

पुढचं वाक्य ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

कारण वर शिडीवर त्यांचा मेहुणा होता. पाथरवट. वेशीची डागडुजी कालच त्याच्याकडे आली होती, आणि संध्याकाळी बहिणीकडे चहाला आला तो तडकूनच.

"दाजी, जाळीची कड अजून बोटाला लागते. आणि कमळ? साबणाची वडी झालीय नुसती! आठातल्या पाच पाकळ्या गेल्या. कमळावर हात ठेवला की मनातलं होतं म्हणे. कुठल्या दीडशहाण्यानं उठवलंय, सापडू दे एकदा!"

"सापडेल की," म्हणत काकांनी कपात तोंड खुपसलं होतं.

तो दीडशहाणा तेच. वीस वर्षांपूर्वी उन्हाला कंटाळून एक घोळका पांगायला लागला, तेव्हा त्यांनी ही थाप ठोकून दिली. लोक हसले, रांग लावून हात ठेवले. मग रोज तेच. ज्या दगडावर पोट भरलं, तोच त्यांनी हजारो हातांनी पुसून घेतला.

"काका, हेच ना ते कमळ?" एक बाई पुढे झाली. "माझी आई आली होती तुमच्याबरोबर. म्हणाली, हात लावल्याशिवाय परत येऊ नकोस."

तिचा हात उचललाही गेला होता.

"नको, ताई!" काका मध्ये आले. "त्यात काही नाही. ती गोष्ट मीच रचलीय."

"म्हणजे आईला..."

"त्यांनाही मीच फसवलं."

वरची छिन्नी थांबली. मेहुणा दोन पायऱ्या उतरला, दाजींकडे बघत राहिला.

"पाकळ्या परत कोरशील का रे?" काकांनी हळूच विचारलं.

"कशात कोरू? दगडच उरला नाही तेवढा."

काकांनी मान हलवली. मग घोळक्याकडे वळले. "तीन उरल्यात. जवळ येऊन बघा. फक्त हात मागे बांधा."

एकेक जण वाकून बघू लागला. ती बाईसुद्धा. काकांनी आपलेही हात पाठीमागे घट्ट धरले होते.