चंदेरी पाईप

गंजलेल्या पाईपाला रंग फासून मोकळी होणारी माणसं जगात किती असतील, मला माहीत नाही. माझ्या वाट्याला एक आला, अन् तो माझा साळा निघाला.

गाडी म्हणजे जुनी पिकअप. मिलिटरीच्या लिलावातली, गोल नाकाची, मागं लाकडी फळ्यांचा हौदा. सत्तरच्या आसपास आम्ही दोघांनी भागीत घेतली होती. मी चालवायचो, तो मिरवायचा. हिवाळ्यात नरखेडकडून संत्री आणायची, बाकी दिवस जे भाडं लागेल ते. एक पावसाळाभर साळ्यानं तिच्यात रासायनिक खताची पोती वाहिली. पोती फुटकी, फळ्यांना फटी. खत पाण्यात विरघळून खाली गळत राहिलं. खाली काय आहे हे पाहायचं तर वाकावं लागतं, अन् वाकणं त्याच्या हाडातच नव्हतं.

खाली ब्रेकचे पाईप असतात. करंगळीहून बारीक. पायडल दाबलं की त्यातलं तेल चाकापर्यंत जोर पोचवतं. एक पाईप फुटला की पायडल सरळ पायाखालच्या फळीला टेकतं, अन् मग गाडी थांबवायला समोर झाडच लागतं.

त्या साली दसऱ्याला सासूला दीक्षाभूमीवर न्यायचं होतं. छप्पन साली ती उमरेडकडच्या आपल्या गावाहून पायी आली होती, पांढरं लुगडं नेसून, अन् दीक्षा घेऊन पायीच परत गेली होती. नंतर गुडघे गेले. दर दसऱ्याला गावात बसून एकच म्हणायची, "एकदा ने वं पोरी, डोळ्यानं पाहून घेतो." त्या दिवशीच्या एसटीत धडधाकट माणसाचा पाय ठरत नाही, तिथं हिचे गुडघे. माझ्या बायकोनं आईला शब्द दिला होता की यंदा आपल्या गाडीत नेईन, पुढच्या सीटवर बसवून. मागच्या हौद्यात गावातल्या बाया, लेकरं. बायकोनं शब्द दिला म्हणजे पंचायत संपली.

साळ्याची तयारी काय, तर गाडी रंगवली. पुढून निळी, चाकांच्या वाट्या पांढऱ्या. चंदेरी रंग उरला, तो वाया कशाला जाऊ द्यायचा म्हणून हा प्राणी जन्मात पहिल्यांदा गाडीखाली शिरला अन् पाईपांना रंग देऊन आला. वर मला सांगतो, "भाऊजी, खालून पाहा, नवरी दिसून राहिली."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी खाली शिरलो. नवरी चमकत होती खरी. मी मागच्या पाईपावर अंगठा दाबला. रंग पापडासारखा मोडला, आतून गंजाचे पोपडे निघाले अन् बोट ओलं झालं. वास घेतला. ब्रेकचं तेल.

मी बाहेर येऊन बोट त्याच्या नाकापुढं धरलं. तो मागं सरकला.

"एवढंसं तं पाझरते भाऊजी. तेल टाकत राहू न वरून."

"अन् फुटला तं?"

"काहून फुटन? आजवर फुटला का?"

असल्या माणसाशी काय बोलायचं. आजवर तूही मेला नाहीस, एवढं म्हणून मी मिस्त्रीला बोलवायला गेलो. तोही त्याच मातीचा. पान थुंकला, खाली न वाकता म्हणाला, "त्या चाकाचा पाईप ठोकून बंद करून देतो. तीन चाकावर ब्रेक लागते. अख्खं नागपूर तीन चाकावर चालून राहिलं गा."

खोटं नव्हतं ते. त्या काळी हीच रीत होती. एका चाकाचं तेल गळलं की पाईप चेपायचा, दुमडायचा अन् गाडी रस्त्यावर सोडायची. करकचून ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढायची, मग ड्रायव्हर म्हणायचा रस्ता खराब आहे.

मी म्हणालो, "तुह्या मायले बसव मंग पुढच्या सीटवर."

साळ्याची छाती फुगली. "तुम्हाले भेव वाटते तं राहू द्या. मी नेतो गाडी. मिस्त्री, ठोक."

इतका वेळ बायको ओट्यावर तांदूळ निवडत होती. ती उठली, गाडीत हात घालून किल्ली काढली अन् कमरेला खोचली.

"भाऊ," ती साळ्याला म्हणाली, "तुले आईले दीक्षाभूमीवर न्याचं आहे का मसणात?"

"बाई, गाडीतलं तुले काय समजते वं?"

"गाडीतलं नाही समजत. तू समजते मले."

मिस्त्री हसला. मग माझ्याकडं पाहून ती म्हणाली, "सारे पाईप बदला जी. एक नाही, सारे." अन् पुन्हा तांदळापाशी जाऊन बसली.

झालं. दिवसभर मी गाडीखाली. नटांवर घासलेट ओतलं, तरी सुटेनात. पाईप पिळून तुटायचे अन् नट तिथंच. नवे पाईप मिस्त्रीच्याच दुकानातून घेतले. पाईपाचं तोंड फुलवून बसवावं लागतं, नाही तर तेल धरत नाही. तो ते फुलवत होता तोवर मी त्याच्या छाताडावर उभा होतो, कारण नजर हटली की असला माणूस चिरलेलं तोंडही तसंच बसवून देतो. दोन तोंडं त्यानं चिरलेली काढली. मी परत कापायला लावली. तो म्हणाला, "काय माणूस आहे बावा!" म्हणू दे. साळा तेवढ्यात नव्या पाईपांसाठी रंगाचा डबा घेऊन आला होता. मी डब्याला लाथ मारली.

पाईप बसले. राहिली हवा काढायची. नव्या पाईपात हवा असते, ती निघाली नाही तर पायडल भज्यासारखं मऊ लागतं अन् ब्रेक लागत नाही. हे काम एकट्याचं नाही. एकानं वर बसून पायडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली चाकापाशी निपल ढिलं करून हवा सोडायची, पुन्हा कसायचं, अन् कसून होईपर्यंत वरच्यानं पाय हलवायचा नाही. हलवला की सोडलेली हवा परत आत.

साळा वर बसला. विंचू मारल्यासारखा पाय आपटायचा. मी धर म्हणावं अन् यानं सोडावं. रस्त्यावरून कोणी ओळखीचं गेलं की हा त्याला हात करणार, पाय वर. बुडबुडे संपायलाच तयार नाहीत. मी खालून शिव्या घालतोय, तो वरून म्हणतोय, "भाऊजी, नवे पाईपच खराब आहेत."

बायकोनं त्याला ओढून उतरवलं. "हट तिकडं." अन् पदर खोचून स्वतः बसली.

मोहल्ल्यातले रिकामटेकडे जमलेच. त्यांना दुसरं काम काय? "काय गा, बायकोले ड्रायव्हर बनवलं का?" एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "आता भाडंही तिलेच आणू दे." बायकोनं मान वळवली नाही. तिचं माहेर विणकराचं. लहानपणापासून मागावर बसलेली. पाय दाबायचा केव्हा, धरायचा किती अन् सोडायचा केव्हा, हे तिच्या पायाला सांगावं लागत नव्हतं. मी खालून म्हणायचो, ती वरून जबाब द्यायची.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलं."

"सोड."

"सोडलं."

एका चाकाची झाली, दुसऱ्याची झाली. हसणारे कंटाळून गेले. कामात हसायला काही मिळालं नाही की असले लोक टिकत नाहीत. दिवे लागायच्या आत पायडल दगडासारखं झालं.

दसऱ्याला पहाटे नागपुरातून निघून उमरेडकडं सासूच्या गावी गेलो. सासू पांढरं लुगडं नेसून उंबऱ्यावर बसलेलीच होती. तिला पुढं दाराशी बसवलं, मधे बायको, मागं हौद्यात गावातल्या बाया, लेकरं अन् त्यांचा पुढारी साळा, निळा झेंडा धरून. नागपूरच्या वाटेवर एका उतारावर कोळशाच्या ट्रकामागून एक बैलगाडी एकदम आडवी आली. मी पाय दिला. गाडी नाकासमोर सरळ थांबली. बैलाचं शिंग बोनेटपासून हातभर.

मागं बाया एकमेकींवर पडल्या. शिव्यांचा पाऊस. "कसा चालवते मेला!" "लेकरू पडलं असतं न माह्यं!" साळा सगळ्यांत मोठ्यानं, "भाऊजी, हळू न, माणसं आहेत मागं, संत्री नाहीत!" सासूनंही विचारलं, "काहून जी जवाईबापू, असा दचका काहून देल्ला?"

ज्यांचा जीव वाचतो त्यांना ते कधी कळत नाही. कळवायला जाऊही नये.

मी बायकोकडं पाहिलं. तिच्या पायाशी पायडल नव्हतं, नुसती फळी होती. तिचा उजवा पाय त्या फळीवर गच्च दाबलेला होता.

"धरलं," ती म्हणाली. हळूच. मलाच ऐकू आलं.

सासू दीक्षाभूमीवर पोचली. जमिनीला हात लावून बराच वेळ बसून राहिली. उठली तेव्हा माझ्या बायकोच्या खांद्याला धरून उठली. साळा भेटेल त्याला सांगत होता, गाडी आपली आहे, रंग पण मीच देल्ला.

सासू गेली त्याला बरीच वर्षं झाली. साळा आहे अजून, ठणठणीत. असली माणसं ठणठणीतच राहतात. बायको धंतोलीतल्या दवाखान्यातून परत आली ती पांढऱ्या चादरीत. भेटायला येणारे म्हणतात, सुटली बिचारी. कशातून सुटली? काय बांधलं होतं तिला? चहा पितात, जातात.

पिकअप अंगणात उभी आहे. तिचे पाईप पुन्हा सडले. एक जण लग्नाच्या फोटोसाठी विकत मागायला आला होता. म्हणाला, ब्रेक नसले तरी चालतं काका, नुसती उभी ठेवायची आहे, वरून रंग मारून घेऊ. त्याला मी फाटक दाखवलं.

मग पाईप आणले अन् बसवले. सारे. कुठं जायचं आहे म्हणून नाही. हवा काढायला मुलाला म्हटलं तर तो म्हणतो, बाबा, मिस्त्री बोलवा. मिस्त्री मला नको. मी सीट अन् पायडल यांच्यामधे दांडा ठोकून बसवला अन् खाली शिरलो. दांडा चांगलं धरतो, हलत नाही, तुमच्या माझ्यापेक्षा इमानदार आहे.

मी धर म्हणालो. सवयीनं. निपलवर पाना लावून थांबलो, जबाब येईल म्हणून. मग तसंच ढिलं केलं.