टोपी-टॉवेल आणि मुका कॅमेरा

माझ्या कॅमेऱ्याच्या मुठीवरचं रबर सुटलं तेव्हा मी ते सायकलच्या पंक्चरच्या सोल्यूशननं चिकटवलं. पुन्हा सुटलं, पुन्हा चिकटवलं. यात लाजण्यासारखं काय आहे ते मला आजही कळत नाही. चप्पल तुटली तर माणूस शिवून घेतोच ना? पण माझी सून म्हणाली, "आबा, हा आता कॅमेरा कमी आणि सोल्यूशन जास्त झालाय."

सून सुरतेतच जन्मलेली. घरात आमच्यासारखी बोलते, बाजारात गुजराती. आमचा धंदा लग्नाच्या फोटोंचा. पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये होतो तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी कॅमेरा गळ्यात घालायचो. मिल सुटली, कॅमेरा राहिला. सुरतेच्या गोडादऱ्यात आपल्या खानदेशी माणसाचं लग्न निघालं की पुरुषांकडं मी आणि बायकांकडं सून, अशी वाटणी. हळद, बांगड्या, नवरीची तयारी, तिथं म्हाताऱ्यानं भिंग रोखून घुसायचं नसतं. सून हाताशी आल्यापासून कामं वाढली हे मला मान्य आहे. एकदाच मान्य करतो, ते इथं झालं.

तर तिचं मनगट दुखायला लागलं. आमच्या दोन्ही बॉड्या एकाच कंपनीच्या, जुन्या, विटेसारख्या जड. वर मोठी लेन्स लावली की कॅमेरा धरला आहे की पाटा उचलला आहे ते कळू नये. गेल्या सीझनला ती मनगटाला पट्टी गुंडाळून फोटो काढत होती. यंदा दिवाळीच्या आधी तिनं सरळ सांगितलं, "तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होईल. तोवर हलका कॅमेरा आला तर मी येते. नाही तर दुसरी कोणी बघा."

दुसरी कोण बघणार? आणि बायकांकडचे फोटो नाहीत म्हटल्यावर अर्धं लग्न माझ्याकडं कोण देणार?

हलका कॅमेरा म्हणजे बिनआरशाचा, मिररलेस म्हणतात तो, आणि तिला हवा होता तो दुसऱ्या कंपनीचा. त्याला आमची एकही लेन्स बसत नव्हती. माझं म्हणणं वेगळं होतं. आपल्याच कंपनीची जरा नवी, वापरलेली बॉडी घ्यायची. लेन्सा आहेत त्या चालतील, बटणं आहेत तिथंच राहतील, अंधारातही माझं बोट चुकणार नाही. गाठीला पैसे एकाच गोष्टीपुरते. हे घ्या, नाही तर ते घ्या.

"पण ती नवी बॉडी तर याच्याहून जड आहे, आबा."

"मजबूत आहे."

"मनगट माझं आहे."

यावर मी चहा मागवला. चहा घेऊन आली ती बायको. तिची बोली अजून गावचीच. कप आपटून म्हणाली, "तिना हात सुजी ग्या, आनि तुम्हले भिंगास्नी पडेल शे."

दुसऱ्या दिवशी मी लेन्सांची पिशवी आणि एक बॉडी घेऊन, किंमत काढायला स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा. त्यानं एकेक लेन्स उजेडात धरून पाहिली आणि म्हणाला, "काका, लेन्स तो सारा छे, पण आ बॉडी हवे म्युझियममां मूको." लेन्स चांगल्या, पण बॉडी आता म्युझियममध्ये ठेवा, म्हणे! मी सगळं परत पिशवीत भरलं. मग मला एक युक्ती सुचली. तो दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा एका दिवसाच्या भाड्यानं न्यायचा, भर लग्नात वापरायचा आणि सगळ्यांसमोर सिद्ध करायचं की ही वस्तू आपल्या कामाची नाही.

लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं पहिलंच, आणि बायकोच्याच माहेरच्यांचं होतं, गोडादऱ्यात, सोसायटीच्या मोकळ्या जागेत मांडव टाकून. म्हणजे तिथं मी फोटोवाला नंतर, आधी जावई. घरचंच लग्न म्हणून या एका दिवसापुरती सून जुना कॅमेरा घेऊन बायकांकडं गेली. भाड्याचा मी गळ्यात घातला. खरं सांगायचं तर गळ्यात काही आहे असं वाटेना. दोनदा हात लावून खात्री केली.

आमच्यात सोयऱ्यांना टोपी-टॉवेल देतात. देणारा टोपी घालतो, टॉवेल अन् नारळ हातात देतो, मग दोघं कॅमेऱ्याकडं तोंड करून श्वास धरतात. फोटो निघाला की सुटतात आणि पुढचा पाव्हणा येतो. रांग मोठी असते, पण सराव असला की पटापट सरकते.

पहिला पाव्हणा आला. टोपी घातली. दोघं ताठ झाले. मी बटण दाबलं.

काही नाही. आवाज नाही, उजेड नाही. मी पुन्हा दाबलं. दोघं तसेच उभे.

"दाजी, दाबा ना," देणारा मेव्हणा ओठ न हलवता म्हणाला.

"दाबलं!"

"कुठं दाबलं? आवाज कुठंय?"

मी पुन्हा दाबलं. पाव्हण्याच्या गालाला कंप सुटला. मागून कुणी ओरडलं, "अरे, जावयाचा कॅमेरा उपाशी आहे, त्याला आधी जेवू घाला!" पाव्हण्यानं टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घालून घेतली, न जाणो टोपीमुळंच अडलं असेल. रांग मांडवाबाहेर गेली. मला वाटलं भाड्याची वस्तू माझ्या हातात मेली. सिद्ध करायचं राहिलं बाजूला, भरपाईच्या विचारानं घाम फुटला.

मग पडद्यावर पाहिलं तर सगळे फोटो आलेले! तेच दोघं, तीच टोपी, नुसता श्वास कमी कमी होत गेलेला. आधीच्या भाडेकरूनं आवाज बंद करून ठेवला होता, आणि त्यात फ्लॅशही पेटत नव्हता. तो चालू कुठून करायचा हे मला ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं कुणाला? बायकांकडं जाऊन सुनेला? सगळ्यांदेखत? नाही जमणार.

मी बटण दाबलं आणि जिभेनं टाळूवर मारलं, "टॉक!"

दोघं लगेच सुटले. पुढचा आला. टॉक. पुढचा. टॉक. अशी ती सगळी रांग मी जिभेवर काढली. एक म्हातारा जाताना म्हणाला, "आवाज भारी आहे हो नव्या कॅमेऱ्याचा." शेवटी तोंडाला कोरड पडून टॉकचा पॉक व्हायला लागला, तेव्हा पाणी पिण्याच्या निमित्तानं मी बायकांच्या बाजूला गेलो आणि सुनेच्या हातात कॅमेरा दिला. "घे तुझं मुकं जनावर. माझं मला दे."

जुना कॅमेरा हातात आला, मी बटण दाबलं, आत आरसा उडाला, खटाक. जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी घरी टीव्हीला जोडून फोटो बघत बसलो. मी पहिल्यापासून म्हणत होतो की बघा, हे असं असतं, रांग कशी तुंबली ते बघा. सून हसून हसून बेजार. मग तिनं काढलेले फोटो सुरू झाले आणि एकावर मी म्हणालो, "थांब."

बायको होती. बहिणींच्या घोळक्यात, बांगड्यांच्या टोपल्याशेजारी, मान मागं टाकून तोंडभर हसत होती.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. पुढचे दात गेल्यापासून बायकोला खटाक ऐकू आलं की तिचा पदर तोंडावर. माझ्याकडं तिचे पुष्कळ फोटो आहेत, पण खरं पाहता ते पदराचे फोटो आहेत, वर दोन डोळे. मी लपून काढले, झाडामागून काढले, मोठी लेन्स लावून पलीकडच्या गच्चीवरून काढले. खटाक झालं की पदर. आणि इथं सून तो मुका कॅमेरा घेऊन तिच्यापासून हातभर अंतरावर उभी असणार, आणि हिला पत्ताच नाही.

"हाऊ पुसी टाक," बायको सुनेला म्हणाली. "मना दात नहीत, लोके हासतीन."

"आई, लोक नाही, तुम्ही हसताय."

 मी सुनेला एवढंच विचारलं, "काल मनगट कसं होतं?"

"संध्याकाळी दुखलं नाही, आबा."

"मग तसं सांगायचं ना आधी," मी म्हणालो आणि लेन्सांची पिशवी उचलली.

दुकानदारानं मोठी लेन्स, रुंद लेन्स आणि एक बॉडी घेतली. तो काही म्हणायच्या आत मी त्याला बजावलं, म्युझियमचं नाव काढायचं नाही. त्यात गाठीचे पैसे घालून सुनेसाठी दुसऱ्या कंपनीचा हलका कॅमेरा आणि त्याची एक लेन्स आली. सोल्यूशनवाली बॉडी आणि छोटी लेन्स मी ठेवली. कंपनी बदललीत ना शेवटी, असं कुणी विचारलं तर मी सांगतो, सुनेनं बदलली. मी आहे तिथंच आहे.

या सीझनला ती पट्टीशिवाय येते. बायकांकडं मुका, पुरुषांकडं खटाक, रांग सरळ चालते. आणि तो हसरा फोटो मी मोठा करून टीव्हीशेजारी ठेवला आहे. बायको जाता-येता त्याचं तोंड भिंतीकडं करते. मी परत सरळ करतो. ती काही ऐकायची नाही, आणि मी तर नाहीच.